सोल्फ्रिडच्या कार्डांची मागची बाजू

सन्माननीय अध्यक्षा, तेर्नवोगच्या नगराध्यक्षा तुरीडबाई. व्यासपीठावर बसलेले आणि या हाडांच्या पाहणीचे पहिले प्रमुख डॉक्टर हाल्व्हार रेम. जिल्हा आरोग्य मंडळाच्या वतीने आज सकाळच्या फेरीबोटीने आलेले श्री. एस्पेन लुंडे, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली सोल्फ्रिड, समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, त्यांच्याबरोबर आलेल्या नवरेमंडळींनो, आणि मागे वाफेलच्या गोड पोळ्या भाजणाऱ्यांनो, तुम्हा सर्वांना या ओड्लाउगचा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे पाच मिनिटं लिहिली आहेत. मासळीच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं बायकांच्या संघटनेची चिटणीस होते. तेव्हाही मला कुणी पाच मिनिटं दिली, की मी ती आभार मानून घ्यायचे आणि पुढे मला हवं तेवढं बोलायचे. तेव्हा तुरीडबाई, ते घड्याळ पालथं ठेवलंत तर बरं.

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं असा रिवाज आहे. माझ्या आधीचे वक्ते गोड बोलले. सोल्फ्रिड मनमिळाऊ आहे, सोल्फ्रिड कामसू आहे, सोल्फ्रिडने तेवीस वर्षांत एकही दिवस उशीर केला नाही. सगळं खरं. पण एवढंच असतं, तर मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या निसरड्या रस्त्यावरून इथवर आले असते का? आणि तिला दोनदा ताकीद मिळाली होती, हे कुणीच कसं बोललं नाही? मला वाटतं, निरोप द्यायचा तर पुऱ्या माणसाला द्यावा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सुरुवातीपासून सांगते.

दोन हजार एक साली ते यंत्र आपल्या बेटावर आलं. मासळीच्या ट्रकमधून, घोंगड्यांत गुंडाळून. आरोग्य केंद्रात लहान मुलांना लस टोचायची एक खोली होती, तिथे ते बसवलं. भिंतीवर बदकांच्या चित्रांची पट्टी होती, ती कुणी काढली नाही. बेटावरच्या पंचावन्नच्या पुढच्या सगळ्या बायकांना, तीनशे बारा जणींना, बोलावणं आलं. आपण पाठीवर झोपायचं, पायांखाली ठोकळा, मग पंजे आत वळवून पट्टीने बांधायचे, आणि वरून यंत्राचा हात हळूहळू सरकत जायचा. दुखत काही नाही. बदकं मोजायची आणि उठायचं. ते यंत्र चालवायला नर्स म्हणून नेमली होती सोल्फ्रिड. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती, आणि आम्ही तिला पोर म्हणायचो.

यंत्र काय सांगायचं? तुमचं हाड किती भरीव आहे, ते तिशीतल्या धडधाकट बाईच्या हाडाशी ताडून एक आकडा द्यायचं. शून्याच्या जितकं खाली, तितकं हाड विरळ. उणे अडीचवर शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी एक रेघ मारली होती. रेघेच्या खाली गेलात तर औषध. वर राहिलात तर एक सुबक पत्र, की चिंता नसावी, पाच वर्षांनी या.

माझी थोरली बहीण माग्नहिल्ड माझ्या शेजारच्या घरात राहायची. आमची पत्रं एकाच दिवशी आली. ती दारातूनच ओरडली, "काय म्हणतंय गं तुझं?"

"उणे दोन पूर्णांक आठ," मी म्हणाले. "गोळी घ्यायची, आठवड्यातून एकदा."

"माझं उणे दोन पूर्णांक एक," ती म्हणाली, आणि पत्र माझ्या नाकासमोर धरलं. "लहानपणी आई माशाच्या तेलाचा चमचा द्यायची, तेव्हा तू खिडकीतून ओतायचीस आणि मी मुकाट गिळायचे. आता भोग आपल्या कर्माची फळं."

मग दर मंगळवारी सकाळी ती मुद्दाम माझ्याकडे यायची. ती गोळी अशी, की रिकाम्या पोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी स्वयंपाकघरात उभी, आणि ही समोर खुर्चीत पाय पसरून तपकिरी चीज लावलेला पाव खात बसायची. "उभी राहा हो नीट," म्हणायची, "सरकारी औषध आहे."

अशी तीन वर्षं गेली. फेब्रुवारी महिना होता. बाहेर रस्ता काचेसारखा झालेला. आणि माग्नहिल्ड पडली कुठे? आपल्या स्वयंपाकघरात, सपाट कोरड्या लाकडी जमिनीवर. भट्टीतले बटाटे काढायला वळली आणि खाली गेली, एवढंच. ती दुपारी बाराला पडली. मी कॉफीला गेले चार वाजता. ती तशीच पडून होती, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. माझ्याकडे बघून म्हणाली, "उशीर केलास. बटाटे करपले."

खुबा मोडला म्हणून कुणी मरत नाही, असं लोक म्हणतात. बरोबर आहे. आधी खुबा मोडतो. मग मुख्य भूमीवर नेऊन खिळा ठोकतात. मग बाई परत येते ती आपल्या घरी नाही, तर वृद्धांच्या केंद्रात, कारण घराला सात पायऱ्या आहेत. मग ती जेवणातलं अर्धं ताटात ठेवू लागते. मग छातीत कफ भरतो. माग्नहिल्डला यासाठी अकरा महिने लागले. शेवटच्या महिन्यात तिने मला विचारलं होतं, "ओड्लाउग, माझा आकडा चांगला होता ना गं?" मी म्हणाले, "चांगला होता."

तिला पुरल्यावर आठवड्याने मी बदकांच्या खोलीत गेले. सोल्फ्रिड एकटी होती. मी दार लावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तुझं यंत्र खोटारडं आहे, तू खोटारडी आहेस, चिंता नसावी म्हणून लिहून देता आणि माणसं मारता. तिने एका शब्दाने यंत्राची बाजू घेतली नाही. कपाटातून माग्नहिल्डचं कार्ड काढलं. पुढच्या बाजूला आकडा. तिने ते उलटं करून माझ्या हातात दिलं.

मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, आणि ते मला आजही पाठ आहे. "मनगट मोडले, १९९९. आईचा खुबा मोडला होता. नवरा गेल्यापासून झोपेची गोळी. खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घेते. हिची मला काळजी वाटते."

मी विचारलं, "हे कधी लिहिलंस?"

"पहिल्याच दिवशी. मोजलं तेव्हा."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. भीती वाटत होती."

"आणि तू गप्प बसलीस."

"गप्प नाही बसले," ती म्हणाली, आणि खणातून तीन पत्रांच्या प्रती काढल्या. तीन वर्षांत तीन पत्रं तिने पाहणीच्या प्रमुखांना लिहिली होती. ज्या बाईचं एक हाड आधीच मोडलं आहे, जिच्या आईचा खुबा मोडला होता, तिचा आकडा रेघेच्या वर असला तरी तिला सोडू नका, एवढंच त्यांत होतं. उत्तर एकाच पत्राला आलं होतं, दोन ओळींचं. "आपले काम मोजण्याचे आहे. भाकिते करू नयेत."

डॉक्टर रेम, तुम्ही मान हलवता आहात, म्हणजे तुम्हाला आठवतंय. थांबा, तुमच्याबद्दल पुढे चांगलंही येणार आहे.

तर मी ती पत्रं वाचली आणि माझा राग कमी होण्याऐवजी वाढला. मी म्हणाले, "शहरात तीन पत्रं लिहिलीस. माझी बहीण इथून दोनशे पावलांवर राहत होती. तिला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "नियम होता. नर्सने बायकांना आकड्याचा अर्थ सांगायचा नाही, असा." मग खण लावला आणि म्हणाली, "नाही. नियमामागे लपण्यात अर्थ नाही. मी घाबरले. नोकरी जाईल म्हणून घाबरले."

मी म्हणाले, "मी तुला माफ करायला आलेली नाही."

"मी मागतही नाही," ती म्हणाली.

मी निघून आले. त्यानंतर दुकानात समोर आली तर मी तोंड फिरवायचे. इथल्या कितीतरी जणींनी ते पाहिलं आहे.

आता बोर्गनीची गोष्ट सांगते. बोर्गनी, तुझी परवानगी मी कॉफीच्या वेळी घेतली आहे, आता नाही म्हणू नकोस. त्याच वसंतात बोर्गनीने मला रस्त्यात धरलं आणि म्हणाली, "अगं, ती सोल्फ्रिड माझ्याकडे आली होती. कार्ड घेऊन. म्हणाली, तुमचा आकडा बरा आहे, पण तुमचं मनगट मोडलं होतं, तुम्ही दोनदा पडला आहात, तेव्हा जपा, आणि डॉक्टरकडून औषध मागा. त्यांनी दिलं नाही तर भांडा." मी विचारलं, "फक्त तुझ्याकडे?" तर नाही. दर मंगळवारी काम सुटल्यावर ती पाच-सहा घरी जात होती. माग्नहिल्डला पुरलं त्याच्या पुढच्याच मंगळवारपासून. नव्वद घरं झाली होती.

आणि त्याचा परिणाम काय झाला? पहिला परिणाम वाईट झाला, हेही सांगायला हवं. बोर्गनी इतकी घाबरली, की हाडं मोडतील म्हणून ती खुर्चीत बसली ती बसलीच. दूध आणायला शेजारीण, चर्चला जायचं बंद. अशाने असलेली हाडंही जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग सोल्फ्रिड बुटांखाली बांधायचे खिळे घेऊन तिच्याकडे गेली. मी तेव्हा पायरीवर उभी होते, म्हणून ऐकलं.

"बोर्गनी, उठा."

"पडेन मी."

"पडलात तर माझ्यावर पडाल. मी जाड आहे."

पहिल्या दिवशी दोघी फाटकापर्यंत गेल्या. महिन्याभराने धक्क्यापर्यंत. बोर्गनी आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिचं त्यानंतर एकही हाड मोडलेलं नाही. म्हणजे सोल्फ्रिडचं भाकीत चुकलं, की भाकीत केलं म्हणून हाड वाचलं? मी हे एकदा डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, एका बाईवरून सांगता येत नाही. उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

दुसरा परिणाम म्हणजे ताकीद. मंडळाकडून सोल्फ्रिडला लेखी ताकीद आली. सहभागी महिलांमध्ये अकारण भीती पसरवणे, मोजमापाचा निकाल परस्पर सांगणे. पुन्हा घडल्यास कामावरून दूर करण्यात येईल. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा गेली. दुसरी ताकीद आली. तिने आम्हाला यातलं काही सांगितलं नाही. मला कळलं ते आरोग्य केंद्रात झाडलोट करणाऱ्या बाईकडून, कारण ती पूर्वी कारखान्यात होती आणि अजून आमच्या संघटनेची सभासद होती. माझ्या बहिणीच्या वेळी जी बाई नोकरीसाठी घाबरली, ती आता दोन ताकिदी खिशात घालून दारोदार फिरत होती. हे कळल्यावर मी काय केलं? मी तिच्याकडे गेले नाही. मला अजून ते जमत नव्हतं. पण मी बायकांकडे गेले. ते मला येत होतं.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये पाच वर्षं झाली आणि दुसऱ्यांदा मोजायची वेळ आली. पहिल्या दिवशी यादीतल्या अडतीस जणी वेळेवर हजर झालो. विणकाम आणि कॉफीचे थर्मास घेऊन. आणि कुणीही त्या टेबलावर झोपायला तयार होईना. सोल्फ्रिड दारात येऊन नाव पुकारायची, आणि ती बाई म्हणायची, "आधी विचारा, मग मोजा." आधी कुठलं हाड मोडलं का, आई-बापाचा खुबा मोडला होता का, वर्षभरात किती वेळा पडलात, कुठल्या गोळ्या घेता, सिगारेट ओढता का. हे कार्डाच्या पुढच्या बाजूला शाईने लिहा, मग आम्ही झोपतो. सोल्फ्रिडला आम्ही आधी काही सांगितलं नव्हतं. नाहीतर तिनेच घडवून आणलं म्हणून तिला घरी पाठवलं असतं. ती दारात उभी राहिली, लाल झाली, आणि आत जाऊन तिने शहरात फोन केला.

दोन दिवस आम्ही बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने डॉक्टर रेम आले. उंच माणूस, पातळ बूट. आमच्या धक्क्यावर पातळ बूट घालून येणारा माणूस किती हुशार असेल, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी नाही म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "बायकांनो, तुम्ही विज्ञानाचं नुकसान करता आहात."

बोर्गनी विणकामातून मान वर न करता म्हणाली, "आम्ही कुठे काय करतोय, डॉक्टर? नुसत्या बसलोय. आमच्या वयाला शोभेल असं."

ते माझ्याकडे वळले. "पुढारी तुम्ही का?"

"चिटणीस," मी म्हणाले.

"हे बघा, पेन्सिलीच्या टिपणांवर औषध देता येत नाही. उद्या प्रत्येक नर्स स्वतःच्या मनाने लिहील. आम्हाला आकडा लागतो, जो कुणीही मोजला तरी तोच येईल असा."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मग टिपणं तपासा. तीनशे बारा कार्डं आहेत, सगळ्यांच्या मागे लिहिलेलं आहे. कुणाचं हाड मोडलं ते बेटावर सगळ्यांना माहीत असतं, तुमच्या रुग्णालयातही नोंद असते. लावून बघा. टिपणं खोटी ठरली तर मी स्वतः येऊन या टेबलावर झोपेन आणि सगळ्यांसमोर तुमची क्षमा मागेन."

"आणि खरी ठरली तर?"

"तर तुम्ही याच गावात येऊन ते बोलून दाखवायचं."

ते म्हणाले, "याला वर्षं लागतील. तुम्ही थांबाल?"

"आम्ही कुठे जाणार आहोत?" मी म्हणाले. तेव्हा ते हसले. त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणी हसलं. मग आम्ही एकेकीने सही करून आपापलं कार्ड त्यांच्या हवाली केलं. प्रश्न तेव्हापासून पुढच्या बाजूला शाईने लिहिले जाऊ लागले. आणि ताकिदी? त्या मागे घेतल्या गेल्या नाहीत, पण तिसरीही आली नाही.

दोन हजार दहाच्या नोव्हेंबरमध्ये डॉक्टर रेम याच सभागृहात, याच जागी उभे राहिले. आमच्यातल्या सत्तेचाळीस जणींचं नऊ वर्षांत काही ना काही हाड मोडलं होतं. त्यांतल्या एकोणीस रेघेच्या खाली होत्या. उरलेल्या अठ्ठावीस रेघेच्या वर होत्या, म्हणजे ज्यांना चिंता नसावी असं पत्र गेलं होतं, त्या. आणि त्या अठ्ठावीसांपैकी एकवीस जणींच्या कार्डामागे सोल्फ्रिडची काळजी पेन्सिलीने लिहिलेली होती.

डॉक्टरांनी हेही सांगितलं, की रेघेखालच्या बायकांना धोका जास्तच होता, यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. पण रेघेवरच्या बायका संख्येने कितीतरी जास्त, म्हणून मोडलेली हाडं तिथेच जास्त निघाली. आकडा एकटा पुरत नाही. आकडा, वय, आधी मोडलेलं हाड, आई, पडणं, हे सगळं एकत्र धरलं तरच पुढचं थोडंफार दिसतं, आणि तरीही थोडंफारच. सोल्फ्रिडने काळजी लिहिलेल्या कितीतरी जणींचं काहीच मोडलं नव्हतं. हेही त्यांनी वाचलं आणि सोल्फ्रिडने पुढच्या रांगेतून मान डोलावली.

मग त्यांनी कागद घडी केला आणि म्हणाले, "पहिलं पत्र मला दोन हजार दोनच्या मार्चमध्ये आलं होतं. मी ते वाचलं होतं. न वाचता ठेवलं असतं तर मला आज बरं वाटलं असतं." एवढं बोलून खाली बसले.

डॉक्टर, तुमच्या हुद्द्याची माणसं असं बोलत नाहीत. तुम्ही बोललात. तुमच्या विज्ञानावर माझा विश्वास त्या दिवशी बसला, आधी नाही. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही बोटीने आलात, आणि जाड बूट घालून आलात, याबद्दल या बेटाच्या वतीने आभार.

त्या संध्याकाळी मी सोल्फ्रिडच्या घरी गेले. पाच वर्षांनी. तिने कॉफी टाकली. माग्नहिल्डचं नाव दोघींनीही काढलं नाही. निघताना मी म्हणाले, "पुढच्या मंगळवारी कुणाकडे जातेस? मी येते." त्याला माफी म्हणतात की काय म्हणतात, मला ठाऊक नाही. पण तेव्हापासून मी जाते.

आता आजच्याकडे येते, कारण एस्पेनना परतीची बोट पकडायची आहे.

एस्पेन, मंडळाचं पत्र आम्ही वाचलं. सोल्फ्रिडच्या जागी नवीन नर्स नेमणार नाही. यंत्र मुख्य भूमीवर जाणार, आम्ही दोन तासांची बोट करून तिथे जायचं. बाकीच्यांनी घरी बसून संगणकावर फॉर्म भरायचा, तो धोक्याची टक्केवारी काढून देईल. आणि पंचाहत्तरच्या पुढच्या बायकांना यापुढे बोलावणं जाणार नाही, कारण त्या वयात धोका सगळ्यांनाच असतो.

फॉर्म मी पाहिला. चांगला आहे. का नसेल? त्यातले प्रश्न आम्ही अडतीस जणींनी तीन दिवस विणकाम करत मिळवलेले प्रश्न आहेत. पण बाई खुर्चीतून उठताना टेबल धरते का, हे फॉर्मला दिसतं का? स्वयंपाकघरात काठ वर आलेली चटई आहे, हे दिसतं का? एकदा पडली आणि लेकीला कळू नये म्हणून लिहिलंच नाही, हे दिसतं का? आणि धोका सगळ्यांनाच आहे म्हणून कुणालाच विचारायचं नाही, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात? समुद्र सगळ्यांनाच बुडवू शकतो, म्हणून आम्ही बोटीत जॅकेट ठेवायचं बंद केलं नाही.

मागच्या आठवड्यात मंगळवारी यंत्राचा इथला शेवटचा दिवस होता. न्यायला आलेल्या माणसांबरोबर मुख्य भूमीवरची एक नर्सही आली होती. सगळ्यांचं झाल्यावर बोर्गनीने विचारलं, "सोल्फ्रिड, तुझा आकडा किती?" आणि तेव्हा कळलं, की तेवीस वर्षांत ही बाई त्या टेबलावर एकदाही झोपलेली नाही. पंचावन्नची झाली, सदुसष्टची झाली, वेळच मिळाला नाही म्हणे. आम्ही चौघींनी तिला दंडाला धरून झोपवलं. त्या नर्सने पंजे बांधले. सोल्फ्रिड बदकांकडे बघत पडून राहिली.

उणे दोन पूर्णांक सात.

हे मी तिच्या परवानगीने सांगते आहे. परवानगी मागितली तेव्हा ती म्हणाली, "सांग. नाहीतर भाषणात माझी देवी करशील." मग मी तिलाच तिचे प्रश्न विचारले. मार्चमध्ये धक्क्यावर पडून मनगट मोडलं होतं, हे आम्हाला माहीत होतं. तिच्या आईचा खुबा मोडला होता, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग स्वतःच्या कार्डामागे काय लिहिलं असतंस?" ती पायांची पट्टी सोडत उठून बसली. मी म्हणाले, "औषध घेशील, की स्वतःसाठी पण शहराला तीन पत्रं लिहिणार?" तेव्हा ती टेबलावर बसून रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

तर एस्पेन, मंडळाला आमचा निरोप सांगा. आम्ही अकरा जणींनी ठरवलं आहे. मंगळवारी दोघी दोघींनी निघायचं, बेटावरच्या पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येक बाईच्या घरी वर्षातून एकदा जायचं, आणि विचारायचं. पंचाहत्तरच्या पुढच्यांना आधी. जिला डॉक्टरकडे पाठवायला हवं तिला बोटीवर आम्ही बसवू आणि बरोबर जाऊ. आम्हाला कुणी नेमलेलं नाही, आम्ही कुणाची परवानगी मागत नाही. यावर ताकीद द्यायची असेल तर अकरा प्रती काढा. पत्ते तुरीडबाई देतील.

काल आमचा पहिला मंगळवार होता. पहिलं घर सोल्फ्रिडचं. बोर्गनी आणि मी गेलो. तिला खुर्चीतून तीनदा उठायला लावलं, हात न टेकता. तिसऱ्यांदा तिने टेबल धरलं, ते मी लिहून घेतलं. गोळ्यांची चिठ्ठी आली आहे ती पाहिली. मग स्वयंपाकघरातली चटई गुंडाळून बाहेर ओसरीवर ठेवली. ती तिच्या आईने विणलेली आहे. सोल्फ्रिड भयंकर रागावली. म्हणाली, "माझ्या घरात येऊन तुम्ही मला शिकवता?" बोर्गनी म्हणाली, "हो." रागाने ती आम्हाला पोचवायला फाटकापर्यंतसुद्धा आली नाही. पण आज सकाळी मी मुद्दाम तिच्या घरावरून आले. चटई ओसरीवरच होती.

माझं बोलणं संपलं. मला हा मान दिल्याबद्दल समितीचे आभार, ऐकून घेतल्याबद्दल तुमचे आभार, वाफेल निवताहेत तरी गप्प राहिलात याबद्दल विशेष आभार. सोल्फ्रिड, तुझे आभार मी मानत नाही, ते आपल्यात ठरलेलं आहे. वयोमानाने एखादं नाव चुकलं असेल, सनावळीत वर्ष इकडचं तिकडे झालं असेल, पाच मिनिटांची कितीतरी मिनिटं झाली असतील, तर त्याबद्दल उदार मनाने क्षमा करावी. जे बरोबर होतं आणि तरी कुणाला लागलं असेल, त्याची क्षमा मी मागत नाही.